पहिल्या रोपाचा मान

आमच्या गुंजवण्यात भाताचं पहिलं रोप कुणीही उठून लावत नाही. खाचरात चिखल तयार असतो, रोपांच्या मुठी बांधावर येऊन पडलेल्या असतात, बायका पदर खोचून उभ्या असतात, तरी सगळ्या थांबतात. कुणासाठी? तर माझ्या सासूसाठी. साळूबाई येणार, उगवतीकडं तोंड करून एक रोप लावणार, आणि मग बाकीच्यांनी वाकायचं. त्यांच्या हाताला गुण आहे, त्यांनी सुरुवात केलेलं खाचर कधी दगा देत नाही, असं सगळा गाव मानतो. एका रोपाबद्दल त्यांना एक नारळ आणि एक खण मिळतो. लावणीच्या दिवसांत आमच्या घरी आमटीत खोबरं, चटणीत खोबरं, आणि मी माहेरी भोंगवलीला निघाले की पिशवीतही खोबरंच.

मी अश्विनी. सासूला मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आत्यांना या मानाचा तोरा किती, म्हणून सांगू! आषाढ लागला की त्या हाताला खोबरेल चोळायला बसतात. भांडी मी घासायची, कारण त्यांचा हात खरखरीत झाला तर गावाच्या भाताचं काय होणार? "ह्यो हात हाय म्हून गाव जेवतं," असं त्या मला सांगायच्या, आणि मी राखेनं कढई घासता घासता हो म्हणायची.

मामांचं वेड निराळं. त्यांची आठची मालिका. तिच्यात इंद्रजित नावाचा नट शेतकऱ्याचं काम करतो. पांढराशुभ्र सदरा घालून नांगरतो, आणि सदऱ्याला चिखलाचा ठिपका म्हणून लागत नाही. तरी आमचे गेनूमामा, ज्यांचा जन्म चिखलात गेला, ते त्याच्याकडं बघून म्हणतात, "शेतकरी असावा तर असा." मालिकेत इंद्रजितची गाय चोरीला गेली त्या दिवशी मामा जेवले नाहीत. आमची स्वतःची म्हैस मेली तेव्हा त्यांनी कालवण वाढून घेतलं होतं. मी आकसानं बोलत नाही, जे झालं ते सांगते. इंद्रजित मलाही आवडतो. पण मी जेवते.

तर गेल्या जुलैत हाच इंद्रजित गुंजवण्यात आला. शेतकऱ्यांबरोबर भातलावणी करतानाचा व्हिडिओ काढायचा होता. गावात आमच्याहून चांगली खाचरं आहेत, पण गाड्या लावायला जागा आमच्या खाचराशेजारी होती, म्हणून मान आमच्याकडं आला. विचारायला माणूस आला तेव्हा मामा 'हो' म्हणायच्या आधी रडलेच.

त्या दिवशी आमच्या बांधावर अशी गर्दी झाली की बांधच खचला. माझ्या नवऱ्यानं, गोरखनं, सारोळ्याचं भाडं सोडलं आणि टेम्पोच्या टपावर चढून बसला. शेजारच्या चंद्राबाई, ज्या लावणीला कायम फाटकं लुगडं नेसतात, त्या लग्नातली जरीची साडी नेसून चिखलात उतरल्या. आत्या मात्र शांत होत्या. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हाताला तेल, चेहऱ्यावर तोच तोरा. नट असला तरी खाचर त्यांचं आणि पहिलं रोप त्यांचं, यात त्यांना शंका नव्हती.

इंद्रजितबरोबर आलेली, छत्री धरलेली एक मुलगी पुढं झाली. म्हणाली, "आजी, आधी सर रोप लावतील. मग तुम्ही."

"पयलं रोप म्या लावते," आत्या म्हणाल्या.

"तुम्ही दुसरं लावा ना!"

दुसरं! आत्यांना कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी मामांकडं पाहिलं. मामांनी गावामागच्या गडाकडं पाहिलं. गड धुक्यात होता, दिसण्यासारखं काही नव्हतं, तरी मामा बघतच राहिले.

आणि इंद्रजित उतरला. पहिल्याच पावलाला त्याचा बूट चिखलात राहिला आणि पाय वर आला. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं मुठीतून एक रोप काढलं आणि असं काही खाली दाबलं की ते शेंड्यापर्यंत आत गेलं. आत्यांना राहवलं नाही. बांधावरून ओरडल्या, "आरं बाबा, रोप हाय त्ये, खिळा न्हाई!"

सगळे हसले. तोही हसला, आणि लावत राहिला. दोन बाजा मावतील एवढा कोपरा त्यानं भरला. काही रोपं खोल, काही आडवी, काही नुसती पाण्यावर ठेवलेली. मग सगळ्यांबरोबर फोटो काढून, चंद्राबाईंच्या हातचा चहा पिऊन तो निघून गेला. चंद्राबाईंनी त्या कपात पुन्हा कुणाला चहा दिला नाही.

संध्याकाळी पाऊस वाढला आणि इंद्रजितची रोपं तरंगायला लागली. आत्या पदर खोचून उतरल्या आणि सगळा कोपरा नव्यानं लावला. चोरून नाही, गावाच्या डोळ्यांदेखत लावला. वर बजावलं, "बघून ठिवा. नंतर त्यानं लावलं म्हनू नका."

सगळ्यांनी बघून ठेवलं. आणि नंतर जे म्हणायचं तेच म्हणाले.

व्हिडिओ लोकांना फार आवडला. त्यात आत्यांचा आवाज नव्हता, त्याच्या जागी बासरी होती. मग गडावर जाणारे लोक आमच्या खाचराशी थांबायला लागले. मामांनी कोपऱ्याला चार वेळू रोवून माझ्या जुन्या साडीचा काठ बांधला. लोक त्याच्या आत उभं राहून फोटो काढायचे. एक नवं जोडपं तर पाया पडलं. एक बाई डब्यात चिखल घेऊन गेली, कशाला ते तिला माहीत. आत्या रोज बांधावर बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "ह्ये म्या लावलंय." लोक गोड हसायचे. "हो का आजी? जरा बाजूला होता? फोटोत येताय."

मी हसून हसून लोळायची. खोटं कशाला सांगू, मला मजा वाटत होती. सकाळ-संध्याकाळ कढया घासणाऱ्या सुनेला मजा वाटणारच.

श्रावणात तर कहर झाला. सगळं खाचर पोपटी, आणि तेवढा कोपरा काळाभोर हिरवा! पानं अशी रुंद की बघत राहावं. येणारा-जाणारा म्हणायला लागला, "काय हात हाय पोराचा!"

"आरं पर म्या लावलंय की त्ये! तुमी हुता की हितं!" आत्या कळवळून म्हणायच्या.

तेव्हा चंद्राबाईंनी त्यांना समजावून सांगितलं, अगदी मायेनं. "लावलं तुमीच, साळूबाई. त्ये आमी बी बघितलं. पर पयला हात त्याचा पडला ना! गुन पयल्या हाताचा असतोय. तुमीच तर सांगत आलाय."

ज्या गोष्टीवर आत्यांनी आयुष्यभर नारळ घेतले, तीच गोष्ट कुणीतरी उचलून त्यांच्या डोक्यात घातली होती. त्या संध्याकाळी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. बाहेर कुणीतरी थट्टेत म्हणालं होतं, पुढच्या साली मुहूर्ताला इंद्रजितलाच बोलवू. ते त्यांनी ऐकलं होतं. मी ताट उचलायला गेले तर माझा हात धरून म्हणाल्या, "अश्विने, पुढल्या साली मला कुनी बोलावलंच न्हाई तर म्या काय करू गं?"

मला एकदम वाईट वाटलं. इतके दिवस हसत होते, त्याचीही लाज वाटली. त्या बाईकडं दुसरं काही नव्हतंच. शाळा नाही, दागिने नाहीत, नवरा टीव्हीसमोर. एक हात होता, त्याला गावानं मोठं केलं होतं, आणि आता गाव तो काढून घ्यायला निघालं होतं. मी म्हटलं, "आत्या, लोक विसरतात." त्या म्हणाल्या, "त्येच की. मला बी विसरत्याल."

मग नवरात्राच्या सुमाराला भात निसवलं, लोंब्या भरल्या, आणि एका सकाळी बघतो तर काय! सगळं खाचर ताठ उभं, आणि तो लाडका कोपरा भुईसपाट आडवा. जणू त्यावर म्हैस लोळून गेली होती. गाव बघायला आला. आणि गावानं मान हलवून काय म्हणावं?

"साळूबाईनं लावलं हुतं नव्हं त्ये."

हिरवं होतं तोवर इंद्रजितचं, आडवं पडल्यावर साळूबाईचं! त्या दिवशी आत्यांनी गावाला ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहिणार नाही, पण एकही शिवी वाया गेली नाही एवढं सांगते. शिव्या संपल्यावर त्यांनी एक धाट उपटलं, बोटांत दाबून बघितलं. मऊ, पाणीदार, खत जास्त झाल्यासारखं. त्यांनी ते धाट तसंच मामांपुढं धरलं.

"युरिया कुनी टाकला?"

मामांनी पुन्हा गडाकडं बघितलं, पण या वेळी गड स्वच्छ दिसत होता आणि आडोसा मिळाला नाही. "येक येक मूठ टाकत हुतो," ते पुटपुटले. "पाव्हन्याचं रोप. उपाशी ऱ्हाऊ नये म्हून."

आत्यांनी आठ वाजता टीव्हीची वायर काढली, गुंडाळली आणि कमरेला खोचली. मामा घरोघर जाऊन आपला गुन्हा सांगेपर्यंत ती तिथंच राहिली. गावानं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "आसंल, आसंल." म्हणजे कुणाचाच विश्वास बसला नाही.

दिवाळी झाली आणि निरोप आला, की इंद्रजित कापणीलाही येणार. स्वतः लावलेलं भात स्वतः कापणार, असा व्हिडिओ होणार. आता आली का पंचाईत! कापणार काय, आडवं पडलेलं? मामांनी सकाळीच सुतळीचा गुंडा आणला, वेळूच्या काठ्या आणल्या, आणि आडव्या भाताच्या पेंढ्या करून काठ्यांना बांधायला सुरुवात केली. शेजारपाजारच्या बायका मदतीला धावल्या. रोगी माणसाला धरून उठवावं तसं आम्ही ते भात उठवत होतो. एक पेंढी उभी केली की दुसरी बसत होती. मामा त्यांना हळूच म्हणत होते, "जरा येळ ऱ्हावा बाबांनो, मग निजा." मी, चंद्राबाई, सगळ्या खिदळून बेजार.

फक्त आत्या धुमसत होत्या. शेवटी फुटल्याच. "ही कुठली रीत? त्यानं यायचं, येक रोप खोचायचं, अन् निघून जायचं! बाकीचं सगळं म्या लावायचं, अन् नाव त्याचं!"

चंद्राबाईंच्या हातात सुतळीची गाठ होती. ती आवळत, मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग आमच्या खाचरात दरसाली काय हुतंय, साळूबाई?"

सगळ्या बायका जिथल्या तिथं वाकलेल्या राहिल्या. माझ्या हातातली पेंढी बसली. आत्या येतात, एक रोप लावतात, नारळ घेऊन जातात. आणि मग दिवसभर वाकून चंद्राबाई लावतात, त्यांच्या सुना लावतात, आणि पीक आलं की हात साळूबाईंचा. इतकी उघडी गोष्ट, आणि इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी आत्यांकडं बघितलं. त्या बांधावर बसल्या होत्या आणि आपल्या तळहाताकडं बघत होत्या.

तेवढ्यात गाड्या आल्या.

इंद्रजित उतरला, मोबाईल वर झाले, सरपंच शाल आणि नारळ घेऊन पुढं सरकले. छत्रीवाल्या मुलीनं आल्याआल्या माईक थेट आत्यांच्या तोंडासमोर धरला. "आजी, सांगा ना, सरांच्या हातानं पीक कसं आलं?"

या माईकची आत्यांनी पावसाळाभर वाट बघितली होती. मामांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

"ह्याच्या हातानं कायबी आलं न्हाई," आत्या म्हणाल्या. "ह्याची रोपं सांच्याला पान्यावर तरंगत हुती. मागनं सगळं म्या लावलं. आमच्या म्हाताऱ्यानं युरिया घालून आडवं पाडलं. अन् आत्ता सकाळी ह्या बायांनी सुतळीनं बांधून हुबं केलंय."

गर्दीतून 'आँ' असा एक मोठा आवाज निघाला. इंद्रजितनं खाली बघितलं. सुतळी दिसली. त्यानं ती ओढून पाहिली, आणि सगळा कोपरा सळसळत एका बाजूला झोपला.

तो असा हसायला लागला की त्याला उभं राहवेना. आत्यांच्या शेजारी बांधावर बसला, पांढऱ्या सदऱ्यासकट, ओल्या मातीत. "आजी, मालिकेतही असंच बांधतात हो! माझं एकही पीक स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं नाही. बैल तर माझ्या हाकेला चालतच नाहीत. एक माणूस झुडपात लपून त्यांना हाकतो. आणि लोक मला शेतकरी म्हणून नमस्कार करतात. कधीकधी फार लाज वाटते."

"अन् आवडतं का?" आत्यांनी विचारलं.

त्यानं मोबाईलांकडं बघितलं, टोपीखालून एक डोळा काढून बघणाऱ्या मामांकडं बघितलं. "लई आवडतं," तो म्हणाला.

"मला बी!" आत्या ओरडल्याच. माईक तसाच समोर होता, सगळ्या खोऱ्यात आवाज गेला. "ही चंद्राबाई म्हनती, म्या येक रोप लावून निघून जाते अन् बाकीच्या मरमर राबत्यात. खरं हाय! म्या बी तुझ्यासारखीच हाय. पर बोलावनं आलं, बाया वाट बघाय लागल्या, का अंगात वारं शिरतं बघ! सोडवत न्हाई."

आता बायांना हसू आवरेना. छत्रीवाली मुलगी "बंद करा, बंद करा" म्हणत कॅमेऱ्यापुढं हात नाचवत होती. सरपंचांना शाल कुणाला घालावी कळेना, कारण शाल एकच होती. शेवटी त्यांनी ती दोघांच्या खांद्यांवर मिळून टाकली. फोटो निघाला. मामांनी त्या फोटोसाठी टोपी नीट केली, पण ते फोटोत आले नाहीत.

"झालं का शाल पांघरून?" चंद्राबाई विळे घेऊन पुढं आल्या. एक विळा इंद्रजितच्या हातात दिला, एक आत्यांच्या. "आता ह्यो कोपरा दोघांनी कापायचा. सगळा. पयली पेंढी कापून पळायचं न्हाई."

आणि खरंच, दोघांनी कापला. इंद्रजितनं पहिल्याच पेंढीला विळा उलटा धरला, आत्यांनी त्याच्या मनगटावर चापट मारून तो सरळ केला. पुढं पुढं आत्याच कमरेवर हात ठेवून थांबायला लागल्या, आणि बांधावरून बायांचा ओरडा, "वाका, साळूबाई, वाका!" मी माझ्या सासूला अशी घामाघूम झालेली आणि अशी हसताना कधी बघितली नव्हती. व्हिडिओवाल्यांनी यातलं काय दाखवलं? बासरी, आणि इंद्रजितच्या हातातली एक पेंढी.

कापणी झाली, झोडणी झाली. खाचरात ओल होती तोवर लोक हरभरा टाकायच्या गडबडीला लागले. त्याचीही पहिली मूठ दरसाली आत्यांचीच असायची. आत्या दारात बसून असायच्या. कुणी येतंय का, हे बघत नसल्यासारखं दाखवत बघायच्या. चारचौघांत स्वतःच्या तोंडानं सांगून बसल्या होत्या, आता कोण बोलावणार? मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

एका सकाळी मी अंगण झाडत होते. चंद्राबाई आल्या, पदराखाली नारळ. हळूच विचारलं, "सासू हाय का? हरभरा टाकायचाय. पयली मूठ टाकाय बोलवाय आले."

माझं डोकंच फिरलं. आनंद झाला तो वेगळाच, पण डोकं फिरलं. "चंद्राबाई, तुम्हीच म्हणालात ना? सगळं आम्ही करतो, नाव त्यांचं होतं! मग आता परत नारळ कशाला?"

"मग? खोटं बोलले का?" त्या अंगणात टेकल्या. "आमीच करतो गं. तिच्या हातात कायबी न्हाई, त्ये बी म्हाईत हाय मला. पर ती येती, राणीवानी हुबी ऱ्हाती, हाताकडं बघती, तोऱ्यात येक मूठ टाकती. आमाला हसू येतं बघ. हसत हसत वाकलं का कंबर दुखत न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिच्याबिगर आमच्या रानात दुसरं कोन येतंय बघायला?"

मी केरसुणी भिंतीला टेकवली, आत जाऊन आत्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर सरळ मांडल्या आणि माजघराकडं तोंड करून जोरात हाक मारली, "आत्या, उठा लवकर, बाया खोळंबल्यात!"